मालकी एकाची, कसब दुसऱ्याचे : ‘क्लार्क्सन्स फार्म’च्या टीकाकारांना उत्तर

‘क्लार्क्सन्स फार्म’ ही प्राइम व्हिडिओवरची मालिका ११ जून २०२१ रोजी सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तिचे चार हंगाम प्रदर्शित झाले. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींवरच्या कार्यक्रमामुळे जगभर माहीत झालेला निवेदक जेरेमी क्लार्क्सन इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, चॅडलिंग्टन गावाजवळची आपली सुमारे एक हजार एकर जमीन स्वतः कसू पाहतो, हा तिचा विषय. जमीन त्याने २००८ मध्ये घेतली होती आणि गावातला एक जाणता शेतकरी ती त्याच्यासाठी कसत होता. २०१९ मध्ये तो शेतकरी निवृत्त झाला. दुसरा माणूस शोधण्याऐवजी एकोणसाठ वर्षांच्या क्लार्क्सनने नांगरणी-पेरणी आपणच करायचे ठरवले. शेतीचा गंध नसलेल्या माणसाचे ते पहिले वर्ष चित्रित झाले. एका हंगामाची करमणूक वाटलेली ही मालिका पुढे ब्रिटनमध्ये प्राइमवर सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांत गणली जाऊ लागली. इंग्लंड आणि वेल्समधल्या शेतकऱ्यांच्या ‘नॅशनल फार्मर्स युनियन’ने शेतीची बाजू लोकांपर्यंत नेल्याबद्दल क्लार्क्सनला २०२१ चा पुरस्कारही दिला.

हे आकर्षण इतकी वर्षे का टिकले, याची काही ठरावीक उत्तरे टीकाकार देत आले आहेत. पहिले उत्तर असे की, लोक शेती पाहत नाहीत, क्लार्क्सनला पाहतात. दुसरे, नवशिक्याची फजिती पाहण्यात सर्वांना मजा येते, त्यापलीकडे यात काही नाही. तिसरे, ही श्रीमंताची हौस आहे आणि तिच्यामागे कर वाचवण्याचा व्यवहार आहे. अशा माणसाने शेतकऱ्याचे दुःख सांगणे हाच खोटेपणा आहे. चौथे, कॅमेऱ्यासमोरची शेती रचलेली असते. पाचवे, मालिका नियम आणि स्थानिक प्रशासन यांना खलनायक ठरवते. यातल्या प्रत्येक आक्षेपात काही तथ्य आहे. तरीही पाचही एकत्र केले, तरी मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जमिनीची मालकी एका माणसाकडे आणि ती कसण्याचे कसब दुसऱ्याकडे, ही आजच्या शेतीतली फारकत या मालिकेने दोन जिवंत माणसांच्या रूपाने समोर उभी केली आणि त्या दोघांत वरचढ कसब आहे हे दर हंगामात दाखवले. मालिकेचे बळ त्यात आहे.

प्रथम प्रसिद्धीचा आक्षेप. पहिल्या भागाला प्रेक्षक क्लार्क्सनच्या नावाने आले, हे उघड आहे. परंतु नाव प्रेक्षकाला दारापर्यंत आणते, चार हंगाम बसवून ठेवत नाही. त्यात हे नाव सर्वांना प्रिय होते असेही नाही. २०१५ मध्ये एका निर्मात्याशी झालेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर बीबीसीने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘द सन’ दैनिकात त्याने ब्रिटिश राजघराण्याची सून मेगन मार्कल हिच्याविषयी लिहिलेल्या स्तंभावर २५ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि पुढे पत्रकारितेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने तो लेख लिंगभेदी ठरवला. त्या लेखाचे समर्थन होऊ शकत नाही. तो छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मालिकेचा दुसरा हंगाम आला आणि लोकांनी तो आवडीने पाहिला. माणसाच्या लोकप्रियतेवरच मालिका उभी असती, तर या घटनेने तिचा पाया हादरला असता.

तसे झाले नाही, कारण शेतावरचा क्लार्क्सन स्टुडिओतला उरत नाही. मोटारींच्या कार्यक्रमात अखेरचा शब्द त्याचा असे. शेतावर तो शब्द कॅलेब कूपरचा असतो. पहिल्या हंगामाच्या वेळी कॅलेब जेमतेम एकवीस वर्षांचा होता. जवळच्या चिपिंग नॉर्टन गावचा हा तरुण शेतकरी घराण्यातला नाही. शाळेच्या वयात कोंबड्या पाळून अंडी विकण्यापासून त्याने सुरुवात केली आणि पुढे ट्रॅक्टर घेऊन लोकांच्या शेतात कंत्राटी कामे करू लागला. क्लार्क्सन लॅम्बोर्गिनीचा गरजेपेक्षा कितीतरी मोठा ट्रॅक्टर घेऊन येतो, तेव्हा कॅलेब त्याला तोंडावर मूर्ख ठरवतो. पेरणीत फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी ठेवायच्या चाकोऱ्या वाकड्या पडतात, तेव्हा पुढच्या फवारणीत आणि खत देण्यात त्यामुळे काय अडेल हे तोच सांगतो. हिशेब, परवाने आणि अनुदानाचे नियम यांत चार्ली आयर्लंड या सल्लागाराचे ऐकावे लागते. चुन्या-सिमेंटाशिवाय दगडी गडगे रचणाऱ्या जेराल्ड कूपरची बोली बऱ्याच प्रेक्षकांना धड कळत नाही, पण एकेक दगड निवडून बसवणारे त्याचे हात सर्वांना कळतात. प्रसिद्ध माणूस मध्यभागी आहे. ज्ञान मात्र त्याच्या भोवतीच्या, कालपर्यंत कोणाला माहीत नसलेल्या माणसांकडे आहे. चौथ्या हंगामाच्या सुरुवातीला कॅलेब व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतो. तोवर तीन हंगामांचा अनुभव गाठीशी असलेल्या मालकालाही एकट्याने शेत पेलत नाही. डर्बीशायरहून हॅरिएट कोवन ही तरुण शेतकरी मदतीला येते. ती शेती सांभाळून परिचारिकेचीही नोकरी करते. मालक बदलला नाही तरी कसबी माणसावाचून शेत चालत नाही, आणि त्या कसबी माणसाचे नुसत्या शेतीवर भागत नाही, हे दोन्ही त्या एका बदलाने सांगितले.

फजितीचा आक्षेप याहून दुबळा आहे. नवशिक्या शेतकरी ब्रिटिश दूरचित्रवाणीला नवा नव्हता. १९७५ मध्ये ‘द गुड लाइफ’ या विनोदी मालिकेतले जोडपे नोकरीवर पाणी सोडून घरामागे भाजीपाला पिकवत आणि जनावरे पाळत होते. १९९९ पासून ‘रिव्हर कॉटेज’मध्ये ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल डॉर्सेटमध्ये स्वतःचे अन्न पिकवताना दिसला. २००४ मध्ये ‘जिमीज फार्म’मध्ये जिमी डोहर्टी सफोकमध्ये डुकरे पाळायला गेला. या कार्यक्रमांत शहरी धावपळ सोडून निवांत जगण्याचे स्वप्न होते. नुसती फजितीच पुरेशी असती, तर ‘क्लार्क्सन्स फार्म’ त्या रांगेतला आणखी एक कार्यक्रम ठरून दुसऱ्या हंगामात संपला असता. फजितीला शिळेपणा लवकर येतो. पडणारा माणूस तिसऱ्यांदा पडला की कोणी हसत नाही.

इथे प्रत्येक चुकीला किंमत आहे आणि ती प्रेक्षकासमोर मोजली जाते. मेंढ्यांच्या लोकरीतून आलेले पैसे कातरणीच्या मजुरीएवढेही भरत नाहीत. भाकड निघालेल्या मेंढ्या कत्तलखान्यात पाठवायचा दिवस येतो आणि थट्टेखोर निवेदक गप्प होतो. रेपसीड हे मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक कोवळे असतानाच भुंगेऱ्यांच्या तोंडी जाते. परागण करणाऱ्या मधमाश्यांच्या रक्षणासाठी, या भुंगेऱ्यांना आवर घालणाऱ्या नियोनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकांवर युरोपीय संघाने २०१३ पासून बंधने आणली आणि २०१८ मध्ये ती उघड्या शेतातल्या सर्व पिकांना लागू केली. मधमाशी वाचवणे रास्त आहे आणि पीक गमावणाऱ्याचा तोटाही खरा आहे. दोन रास्त गोष्टींतला हा पेच प्रेक्षकाला एका उद्ध्वस्त शेताच्या तुकड्यावर समजतो. तिसऱ्या हंगामात डुकरिणी वितात आणि पिल्ले एकामागून एक मरतात. त्या भागांत विनोद नाहीच. तरी प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही, याचा अर्थ ते केवळ हसायला आलेले नव्हते.

शिवाय शेतीत नवशिकेपण एका वर्षात फिटत नाही. मालिकेचे पहिले वर्ष अतिवृष्टीचे होते. फेब्रुवारी २०२० हा ब्रिटनमधल्या नोंदींतला सर्वांत ओला फेब्रुवारी ठरला. जमिनीला वाफसा येईना म्हणून पेरणी अडली, आणि मे उजाडला तो विक्रमी उन्हाचा. त्याच वसंतात कोविडची टाळेबंदी आली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर खतांच्या किमती कडाडल्या. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सर्वांत ओले अठरा महिने होते. आदल्या वर्षी शिकलेला धडा पुढल्या वर्षी अपुरा पडतो, हा शेतीचा स्वभावच आहे, आणि मालिकेला दर हंगामात नवी गोष्ट मिळते ती यातूनच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. क्लार्क्सन श्रीमंत आहे. त्याचे घर शेतीवर चालत नाही. इंग्लंडमधली सरासरी शेती सुमारे दोनशे एकरांची आहे, म्हणजे त्याची जमीन सरासरीच्या चौपटीहून जास्त भरते. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेच्या कायद्याने जिरायत जमिनीलाही ५४ एकरांची मर्यादा आहे; त्या मापाने तर हा थोर जमीनदार ठरतो. जमीन घेण्यामागचा एक हेतूही त्याने लपवलेला नाही. बँकेतल्या ठेवीपेक्षा जमीन बरी आणि आपल्या मृत्यूनंतर सरकारला त्यातले काही मिळणार नाही, असे त्याने पूर्वी जाहीरपणे म्हटले होते. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी शेतजमिनीला वारसा करातून मिळणारी पूर्ण सूट दहा लाख पौंडांपर्यंतच्या मालमत्तेपुरती ठेवण्याचे आणि त्यावरच्या मूल्यावर एप्रिल २०२६ पासून वीस टक्के कर लावण्याचे जाहीर केले. १९ नोव्हेंबरला लंडनमध्ये शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. क्लार्क्सन त्यात सामील झाला, तेव्हा बीबीसीच्या प्रतिनिधीने त्याला त्याच्या जुन्या विधानाची आठवण करून दिली. प्रश्न योग्य होता. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने ही मर्यादा पंचवीस लाख पौंडांवर नेली. लहान शेतकऱ्याची भीती आणि धनवंताची करबचत एकाच कायद्यात गुंतलेली होती, हेच त्या बदलाने मान्य केले.

म्हणून क्लार्क्सन हा इंग्लंडच्या सामान्य शेतकऱ्याचा प्रातिनिधिक चेहरा नाही, हे मान्य करायला हवे. परंतु मालिका तसा दावा करत नाही. तिची मांडणी उलट दिशेने जाते. पहिल्या हंगामाच्या शेवटी चार्ली वर्षाचा जमाखर्च मांडतो आणि नफा सांगतो : १४४ पौंड. चित्रीकरणाचे मानधन, जुनी संपत्ती आणि स्तंभलेखनाचे उत्पन्न बाजूला ठेवून हजार एकरांच्या कष्टाचे फळ या एका आकड्यात समोर येते. टीकाकार म्हणतात, त्याला या १४४ पौंडांवर जगायचे नव्हते. बरोबर, पण मोठी जमीन, मोठा ट्रॅक्टर, पदरी सल्लागार आणि खिशात पैसा असूनही शेती एवढेच देत असेल, तर यातले काहीच नसलेल्याचे काय होत असेल, हा प्रश्न त्याच आकड्याने लाखो घरांत पोचवला. मालकाची श्रीमंती त्या हिशेबाला खोटे पाडत नाही, उलट त्याची धार वाढवते.

हा प्रश्न त्या काळात अधिकच निकडीचा झाला होता. युरोपीय संघात असताना ब्रिटिश शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रानुसार थेट अनुदान मिळे. ब्रेक्झिटनंतर २०२० च्या कृषी कायद्याने इंग्लंडमध्ये २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने कमी करून २०२७ पर्यंत संपवायचे ठरले. त्याच्या जागी मातीची निगा, झाडोऱ्याचे कुंपण, परागकण देणारी फुलझाडे अशा पर्यावरणाच्या कामांसाठी पैसे देणाऱ्या योजना आल्या. त्यातल्या एका मुख्य योजनेचे नवे अर्ज मार्च २०२५ मध्ये अचानक बंद करण्यात आले. ज्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी सुमारे साठ टक्केच देशात पिकते, तिथे शेतकऱ्याचे उत्पन्न नेमके कशावर उभे आहे हे शहरी माणसाला कळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सरकारी अहवाल हे सांगत होतेच. ते घराघरांत ऐकले जाऊ लागले ते या मालिकेमुळे.

आता तिसऱ्या आक्षेपाचा गाभा. वारसा करातली सूट, गुंतवणूकदारांची खरेदी आणि मर्यादित क्षेत्र यांमुळे इंग्लंडमध्ये शेतजमिनीचा भाव एकरी नऊ-दहा हजार पौंडांच्या घरात गेला आहे. पिकाच्या उत्पन्नातून हे पैसे फिटत नाहीत. परिणामी, ज्याला शेती येते त्याला जमीन घेता येत नाही आणि ज्याला जमीन घेता येते त्याला शेती येत नाही. स्वतःचे शेत असावे ही कॅलेबची आस मालिकेत वारंवार दिसते आणि त्याच शेताच्या मालकाला ट्रॅक्टरला अवजार जोडता येत नाही, हेही दिसते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्या मराठी समाजाने ऐकली आणि कूळ कायद्याच्या रूपाने काही अंशी अमलात आणली, त्याला या जोडीतला अन्याय समजावून सांगावा लागत नाही. जमिनीच्या मालकीविषयीची टीका म्हणूनच योग्य आहे. मात्र तिचा सर्वांत ठसठशीत पुरावा याच मालिकेत आहे, हे टीकाकारांच्या ध्यानात येत नाही. प्रेक्षकाचा कौल कोणाकडे आहे, हेही पाहावे. कॅलेबची पुस्तके विकली गेली, त्याच्या व्याख्यानांना गर्दी झाली, आणि त्याने सिरेन्सेस्टरच्या रॉयल ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीत शेतकरी घराण्यातले नसलेल्या होतकरू तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून शिष्यवृत्ती सुरू केली. मालकाच्या मोहिनीने भारलेला प्रेक्षकवर्ग नोकरीवरच्या तरुणाला असा डोक्यावर घेत नसतो.

चौथा आक्षेप बनावाचा. दूरचित्रवाणीवरचे प्रसंग निवडलेले आणि कापलेले असतात, काही मुद्दाम घडवून आणलेलेही असतात. ‘टॉप गिअर’ तर अशा रचनेसाठीच प्रसिद्ध होते. शेतातही कोणती कल्पना आजमावायची हे निर्माते ठरवत असतील. मात्र मालिकेतली निर्णायक वळणे कोणाच्या हाती नसतात. पाऊस, खताचा दर, धान्यातला ओलावा, अनुदानाची तारीख या गोष्टी बाहेरच्या जगात जशा होत्या तशाच इथे आहेत आणि कोणालाही पडताळता येतात. जुलै २०२५ मध्ये या शेतावरच्या गुरांत क्षयरोगाची लागण आढळली. इंग्लंडच्या नियमानुसार लागण झालेले जनावर मारावे लागते आणि कळपाच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध येतात. क्लार्क्सनचे शेत यातून सुटले नाही. इंग्लंडमधले शेतकरी ही मालिका पाहतात आणि आपले काम त्यात ओळखतात. बनावाच्या आरोपाला त्यांच्या साक्षीपेक्षा मोठे उत्तर नाही, कारण खोटी नांगरट त्यांच्या नजरेतून सुटली नसती.

पाचवा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. क्लार्क्सनने शेतावर दुकान काढले, ते फेब्रुवारी २०२० मध्ये उघडले. मालिका सुरू झाल्यावर तिथे गाड्यांच्या इतक्या रांगा लागल्या की चॅडलिंग्टनच्या अरुंद रस्त्यांवर गावकऱ्यांना चालणे कठीण झाले. वेस्ट ऑक्सफर्डशायर जिल्हा परिषदेने जानेवारी २०२२ मध्ये त्याला शेतावर काढायच्या असलेल्या उपाहारगृहाला परवानगी नाकारली. हा भाग कॉट्सवोल्ड्स या संरक्षित निसर्गप्रदेशात येतो आणि तो जपण्याची जबाबदारी परिषदेवर आहे. मालिकेत परिषदेचे सदस्य अडवणूक करणारे म्हणून दिसतात. त्यांची आणि त्रासलेल्या गावकऱ्यांची बाजू पुरेशी ऐकू येत नाही. हा मालिकेचा दोष आहे. सामान्य शेतकऱ्याच्या दुकानापुढे अशी रांग लागणार नाही, हेही खरे. तरीही मुद्दा फक्त क्लार्क्सनचा नव्हता. कच्चा माल विकून भागत नाही म्हणून बार्लीची बिअर, दुधाचे चीज, शेतावरचे दुकान असा जोडधंदा करण्याचा सल्ला सरकारच शेतकऱ्याला देते आणि तो करायला गेले की नियोजनाचे नियम आडवे येतात. इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये जुन्या शेतइमारती दुकानांसारख्या वापरासाठी बदलण्याचे नियम सैल करण्यात आले आणि वृत्तपत्रांनी त्या तरतुदीला क्लार्क्सनचेच नाव दिले. एका प्रसिद्ध माणसाची अडचण दिसल्यावर नियम हलावा, हे लोकशाहीला शोभत नाही. पण तो बदल त्याच्याएवढाच बिनओळखीच्या शेतकऱ्यालाही लागू झाला.

पाचही आक्षेप तपासल्यावर निष्कर्ष असा निघतो. क्लार्क्सनच्या नावाने प्रेक्षक आले, फजितीने रमले आणि त्याच्या पैशाने प्रयोग शक्य झाले. प्रेक्षक टिकले मात्र कामामुळे : नांगरट, पेरणी, वेत, काढणी आणि वर्षअखेरचा हिशेब कोणीतरी न लपवता दाखवला म्हणून, आणि ते काम जाणणाऱ्या माणसाला प्रथमच पडद्यावर मालकापेक्षा मोठे स्थान मिळाले म्हणून. या मालिकेवर प्रेम करणाऱ्यांना भाबडे ठरवणारी टीका चुकीच्या दारात उभी आहे. लोकांनी कसणाऱ्याला ओळखले आहे. कसणाऱ्याच्या हाती जमीन का येत नाही, त्याच्या पिकाला परवडणारा भाव का मिळत नाही आणि कराची सूट नेमकी कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न आता धोरण आखणाऱ्यांना विचारले पाहिजेत. ते विचारण्याइतका जाणता प्रेक्षक या मालिकेने घडवला आहे.